अपघाताचा धसका जात का नाही, आणि त्यात मेंदूतल्या हार्मोन्सचा काय हात असतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मग लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की मिस्टर आपल्या सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते, नऊ महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर पावसात बाईकवरनं घरी येताना पुणे रोडवर टँकरनं धडक दिली, मागं बसलेला मित्र जागेवरच गेला, ह्यांचा पाय मोडला, तो जुळला पण माणूस काही पहिल्यासारखा झाला नाही. टँकरच्या एअर ब्रेकचा फुस्स आवाज आला किंवा डिझेलचा वास आला की घाम फुटतो, हात थरथरतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं तेव्हा मुलीचा हात सोडून पळत सुटले. नोकरी सोडली, रात्री थोडी घेतल्याशिवाय झोप नाही, मेडिकलमधून कुणीतरी दिलेली झोपेची गोळी पण चालू आहे. घरचे म्हणतात पुरुषासारखा पुरुष, किती दिवस हे धरून बसणार. एकानं सांगितलं हार्मोन बिघडलेत, कॉर्टिसोलची टेस्ट करून घ्या. आणि तुमचा शेवटचा प्रश्न, ती आठवण पुसून टाकायची काही गोळी निघालीय का.

मी सोलापुरात २६ वर्षं मानसोपचार करतोय आणि हा शेवटचा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर देतो, पण आधी "किती दिवस धरून बसणार" ह्याचं देतो, कारण त्या वाक्यानं पेशंटचं जेवढं नुकसान होतं तेवढं टँकरच्या आवाजानं होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी काहीही धरून बसलेलं नाहीये. आपल्याकडे एक फार नेमका शब्द आहे, धसका. माणूस धसका "घेतो" असं आपण म्हणतो खरं, पण अनुभव सांगतो की धसका बसतो, घ्यावा लागत नाही, आणि तो कुठं बसतो, कसा बसतो, हे आता बऱ्यापैकी समजलेलं आहे.

आपण आठवण म्हणजे एकच गोष्ट समजतो, पण मेंदूत एका प्रसंगाच्या निदान दोन आठवणी तयार होतात. एक सांगता येणारी, म्हणजे कुठं होतो, कोण होतं, आधी काय झालं, नंतर काय झालं. ती हिप्पोकॅम्पस नावाच्या भागावर अवलंबून असते. दुसरी अंगाची आठवण, म्हणजे ह्या आवाजानंतर, ह्या वासानंतर जिवावर बेतलं होतं, सावध हो. ती अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागात बसते, कानाच्या आतल्या बाजूला खोलवर, दोन्हीकडे एकेक. १९११ साली जिनिव्हातल्या क्लापारेड नावाच्या डॉक्टरांनी एक प्रसंग लिहून ठेवलाय. त्यांची एक पेशंट होती जिला नवीन काहीच लक्षात राहायचं नाही, रोज डॉक्टरांना नव्यानं ओळख करून द्यावी लागायची. एक दिवस त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला, तिला टोचलं. पुढच्या वेळी तिला ना डॉक्टर आठवले ना टाचणी, पण हात पुढं केल्यावर तिनं आपला हात मागं घेतला. का घेतला हे तिला सांगता येईना. म्हणजे सांगायची आठवण शून्य आणि अंगाची आठवण शाबूत. नंतर १९९५ मध्ये अमेरिकेत ह्याचीच दोन्ही टोकं एकाच अभ्यासात दिसली, ज्याचा अमिग्डाला गेला होता त्याला कुठल्या रंगानंतर भोंगा वाजतो हे तोंडानं बरोब्बर सांगता येत होतं पण अंगाला घाम येत नव्हता, आणि ज्याचा हिप्पोकॅम्पस गेला होता त्याला काहीच सांगता येत नव्हतं पण त्या रंगाला घाम मात्र फुटत होता.

हे मी एवढं लांबण लावून का सांगतोय, तर तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना धडक बसायच्या आधीची दहा मिनिटं नीट आठवत नाहीत, पोलिसांना जबाब देताना पण गोंधळले, आणि लोक म्हणाले आठवत नाही तर घाबरतो कशाला. ह्यात काही विसंगत नाहीये ताई. दोन वेगळ्या वह्या आहेत, एक फाटकी आहे आणि दुसरीत अक्षर कोरलेलं आहे.

आता कोरलं कुणी, तर इथं हार्मोन्स येतात. धडक बसायच्या क्षणी, अगदी सेकंदाच्या आत, दोन गोष्टी झाल्या. किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी अ‍ॅड्रिनालिन रक्तात सोडलं, छातीत धस्स झालं, हातपाय गार पडले. आणि मेंदूच्या बुंध्यात लोकस सेरुलियस म्हणून एक इवलासा निळसर ठिपका आहे, त्यानं नॉरअ‍ॅड्रिनालिन जवळजवळ सगळ्या मेंदूभर शिंपडलं, अमिग्डालात तर जास्तच. मेंदूत काम करताना ह्याला काटेकोरपणे हार्मोन म्हणत नाहीत, निरोप पोचवणारं रसायन म्हणतात, पण काम जोडीनंच चालतं. गंमत अशी की रक्तातलं अ‍ॅड्रिनालिन स्वतः मेंदूत फारसं शिरतच नाही, मधे एक गाळणी असते. ते छाती-पोटातून वर जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेला हलवतं, ती नस मेंदूच्या बुंध्याला कळवते, बुंधा त्या निळ्या ठिपक्याला, आणि मग ठिपका अमिग्डालाला. म्हणजे छातीतली धडधड ही भीतीचा नुसता परिणाम नाही, ती परत फिरून आठवण पक्की करायलाही मदत करते.

जेम्स मॅक्गॉ नावाच्या शास्त्रज्ञानं आयुष्यभर ह्याच गोष्टीवर काम केलं. उंदरांना काहीतरी शिकवायचं आणि शिकवून झाल्यानंतर, आधी नाही, नंतर, अ‍ॅड्रिनालिन टोचायचं, तर ती आठवण जास्त घट्ट बसायची. म्हणजे आठवण घडते त्या क्षणी कच्चीच असते, पुढचे काही तास ती सुकत असते, आणि त्या काळात हार्मोन जोरात असलं तर ठसा खोल. चादरीच्या कामातले लोक असतील त्यांना पटकन कळेल, रंग लावला म्हणून पक्का होत नाही, नंतर तो बसवावा लागतो, तसंच. माणसांवरचा प्रयोग १९९४ चा आहे. लोकांना चित्रं दाखवत एक गोष्ट सांगितली, मधल्या भागात एका मुलाला भयंकर अपघात होतो. आठवड्यानं विचारलं तर लोकांना तो अपघाताचा भागच जास्त आठवला, साहजिक आहे. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनालिनचा परिणाम अडवणारी बीपीची जुनी गोळी, त्यांना अपघाताचा भाग बाकी गोष्टीइतकाच आठवला, त्याला जास्तीचं वजन मिळालंच नाही. ह्या गोळीकडे परत येतो.

कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं दुसरं हार्मोन, ह्या सगळ्याच्या मागून येतं. त्याची साखळी लांब आहे, मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, ते त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला उठवतं, पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, ते रक्तातून अ‍ॅड्रिनल ग्रंथीला पोचतं आणि मग कॉर्टिसोल. ताण सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी ते सगळ्यात वर असतं. म्हणजे मिस्टर रस्त्याच्या कडेला पडले होते, शेजारी मित्र पडला होता, अँब्युलन्सची वाट बघत होते, त्या वेळेला. कॉर्टिसोल पेशीच्या आत शिरून थेट जीन्सचं काम बदलतं म्हणून त्याचा परिणाम उशिरा येतो पण टिकतो. अमिग्डालात नॉरअ‍ॅड्रिनालिन आधीच भरलेलं असेल तर कॉर्टिसोल त्याला हात देतं आणि ठसा आणखी पक्का होतो. आणि हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसोल पकडणाऱ्या जागा भरपूर आहेत, ब्रूस मॅक्इवेन यांनी १९६८ मध्येच उंदरांत दाखवलं होतं, तिथं मात्र ते फार वाढलं तर काम बिघडतं.

आणि मला विचाराल तर ह्या आजाराचं खरं दुखणं इथं आहे. हिप्पोकॅम्पसचं एक काम म्हणजे भीतीला पत्ता देणं. ही भीती पुणे रोडची, त्या रात्रीची, त्या पावसातली, असा पत्ता. अमिग्डालानं ठसा खोल घेतला आणि हिप्पोकॅम्पसनं पत्ताच नीट लिहिला नाही तर काय होणार, ती भीती बिनपत्त्याच्या पाकिटासारखी कुठंही पोचते. गल्लीत पाण्याचा टँकर आला तरी, पेट्रोल पंपावर उभं राहिलं तरी, होम मैदानावर दारूकाम झालं तरी. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसोलचा उंदरातला भाऊ सोडून हेच दाखवलं, उंदीर ज्याला घाबरायला पाहिजे त्याला घाबरेनात आणि ज्याचा संबंध नाही त्याला घाबरायला लागले. त्यामुळे गड्ड्यातनं पळाले म्हणून मुलीच्या बापाला घरात कुणी बोललं असेल तर कृपा करून ते थांबवा, त्या क्षणी त्यांचा मेंदू यात्रेत नव्हताच, रस्त्यावर होता.

एक आजी माझ्याकडे यायच्या, उमरग्याकडच्या, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतोय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, विसर्जनाची रात्र होती, लोक थकून झोपले होते, पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना घरं पडली, हजारो माणसं गेली. इकडं सोलापुरातही तेव्हा लोक घराबाहेर पळाले होते. आजी नंतर मुलाकडे सोलापूरला राहायला आल्या. दरवर्षी गणपती विसर्जन झालं की आजी वाकळ घेऊन अंगणात. मुलगा समजवायचा, आई हे स्लॅबचं घर आहे. त्या म्हणायच्या मला कळतंय रे, पण पायच आत जात नाहीत. कळणं एका वहीत आणि पाय दुसऱ्या वहीत. आजींना मी औषध फारसं दिलंच नाही, पुढं येईल ते.

आता कॉर्टिसोलच्या टेस्टचं. नका करू, निदान ह्या कारणासाठी तरी. लोकांना वाटतं एवढी भीती म्हणजे कॉर्टिसोल वाढलेलं असणार, पण अशा धक्क्यानंतर राहून जाणाऱ्या ज्या धसक्याला पीटीएसडी म्हणतात त्या आजारात बऱ्याच अभ्यासांत उलट ते कमी सापडलंय, रेचल येहुदा ह्या संशोधक बाईंनी नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांत हे बघितलं, काही अभ्यासांत फरकच सापडला नाही, काहींत जास्त निघालं. एक समजूत अशी आहे की ह्या लोकांत कॉर्टिसोलला थांबवणारा ब्रेक जास्तच जोरात लागतो, ते कमी पडतं, त्यामुळे अ‍ॅड्रिनालिनवर वेळेत लगाम राहत नाही. शिवाय कॉर्टिसोल सकाळी उठल्यावर जास्त, मध्यरात्री सगळ्यात कमी, असं दिवसभर वरखाली होत असतं, एका नमुन्यावरनं भीतीचं निदान होत नाही. ती टेस्ट कुशिंग, अ‍ॅडिसन असल्या, कॉर्टिसोल फार वाढण्याच्या किंवा फार कमी पडण्याच्या आजारांसाठी आहे. वजन घटत असेल, नाडी कायम जोरात असेल, तर थायरॉईड जरूर बघून घ्या, कारण थायरॉईड वाढल्यावर धडधड, घाम, थरथर हुबेहूब अशीच होते, आणि ती चुकवलेली मी पाहिलीय.

आता गोळीनं आठवण पुसायचं. ही आशा हवेतनं आलेली नाहीये. २००० साली नादेर, शाफ आणि लेदू ह्या तिघांनी उंदरांवर केलेलं काम छापून आलं. समजूत अशी होती की आठवण एकदा पक्की झाली की झाली. ह्यांनी काय केलं, उंदराला आवाज आणि शॉक ह्यांची जोडी शिकवली, ती पक्की होऊ दिली, नंतर परत फक्त आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि त्याच वेळी अमिग्डालात प्रोटीन तयार होणं थांबवणारं औषध टोचलं. भीती गेली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर काही झालं नाही. म्हणजे आठवण दरवेळी जागी झाली की थोडा वेळ परत ओली होते आणि पुन्हा सुकवावी लागते, त्या खिडकीत हात घालता येतो. ते औषध माणसाला देण्यासारखं नाही, म्हणून लोक प्रोप्रॅनोलॉलकडे वळले. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये मेरेल किंट यांच्या गटानं निरोगी लोकांत ते चालल्याचं दाखवलं, आणि त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या लोकांना काय झालं होतं ते सगळं आठवत होतं, नुसतं दचकणं गेलं होतं. पुसलं काही नाही, धार काढून घेतली. २०१८ मध्ये कॅनडातल्या ब्रुने यांच्या गटानं पीटीएसडीच्या पेशंटना आठवड्यातनं एकदा, सहा आठवडे, आधी गोळी आणि मग प्रसंग लिहून वाचायला लावणं असं केलं, फरक पडला. पण दुसऱ्या ठिकाणी तसेच प्रयोग करून बघितले तेव्हा काही जमले, काही जमलेच नाहीत. म्हणून आज तरी हा ठरलेला उपचार नाही. आणि कृपा करून घरी कुणी प्रोप्रॅनोलॉल आणून देऊ नका, दमा असेल तर ती गोळी जिवावर बेतू शकते, नाडी आधीच हळू असेल तरी धोका आहे.

मग ठरलेला उपचार काय, तर भीतीच्या आठवणीशेजारी दुसरी आठवण तयार करणं. मला ह्यावर जास्त लिहायचंय कारण इथं लोक सगळ्यात जास्त निराश होतात, आणि निराश होतात ते समजून न घेतल्यामुळं.

पावलॉव्हचा कुत्रा शाळेत ऐकलाय सगळ्यांनी. आवाज झाला की खायला, मग नुसत्या आवाजाला लाळ. पुढचा भाग शाळेत कमी सांगतात. आवाज करत राहिलं आणि खायला दिलंच नाही तर लाळ हळूहळू थांबते. आणि काही वेळ जाऊ दिला, परत आवाज केला, तर लाळ परत येते. म्हणजे पहिली शिकवण गेली नव्हतीच, तिच्यावर दुसरी येऊन बसली होती. भीतीचंही तसंच आहे. टँकरचा आवाज, काही झालं नाही, परत आवाज, काही झालं नाही, असं सुरक्षित ठिकाणी, पुरेसा वेळ, पुन्हा पुन्हा होत गेलं की कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागात एक नवी नोंद होते, आवाज म्हणजे दरवेळी धोका नाही. ती नोंद अमिग्डालाला दाबून धरते. पण जुनी नोंद खाली तशीच असते, आणि दोघींमध्ये नवी नाजूक असते.

नाजूक कशी ते बघा. एक तर ती जागेला चिकटलेली असते. माझ्या खोलीत बसून रेकॉर्डिंगवर एअर ब्रेकचा आवाज ऐकून ऐकून माणूस शांत झाला, म्हणजे पुणे रोडवरच्या बाळ्याच्या पुलाखाली शांत राहील असं नाही, मेंदूनं शिकलेलं असतं "डॉक्टरच्या खोलीत धोका नाही". म्हणून सराव बाहेर न्यावा लागतो, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी. दुसरं, नुसता काळ गेला तरी जुनी भीती डोकं वर काढते. तिसरं, मधे एखादा छोटासा का होईना धक्का बसला, कुणी कट मारला, कुणाच्या अपघाताचा व्हिडिओ मोबाईलवर आला, तर शांत झालेली भीती एका दिवसात परत. आणि पाऊस. आता मे संपत आलाय, मृगाचा पाऊस येईल, ओल्या डांबराचा वास येईल, मिस्टरांचा त्रास तेव्हा वाढेल हे मी आत्ताच सांगून ठेवतो, उपचार चालू असले तरी वाढेल. तेव्हा घरात कुणी "परत पहिल्यासारखंच झालं, डॉक्टरचा काही उपयोग नाही" असं म्हणून अपॉइंटमेंट बंद करू नका. माझ्याकडचे निम्मे पेशंट मी असेच पहिल्या पावसात गमावले होते सुरुवातीच्या वर्षांत, कारण मी हे आधी सांगायचो नाही. चूक माझी होती.

ह्या नव्या आठवणीला पण हार्मोन्सच पक्कं करतात. जे कॉर्टिसोल भीती कोरायला मदत करतं तेच, सरावाच्या वेळी योग्य प्रमाणात असेल, तर नवी शिकवण बसवायलाही मदत करतं, आणि जुनी आठवण वर यायला थोडी अडवतं. स्वित्झर्लंडमध्ये उंचीची आणि कोळ्याची भीती असलेल्या लोकांत सरावाआधी कॉर्टिसोल देऊन हे बघितलं गेलंय. आपण गोळी देत नाही पण काही छोट्या अभ्यासांत सकाळचा सराव संध्याकाळपेक्षा बरा ठरला, सकाळी अंगातलं कॉर्टिसोल मुळातच जास्त असतं म्हणून असेल, तर मी शक्यतो सकाळची वेळ देतो. तोटा तर काहीच नाही, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात दुपारी बाराला कुणाला पुणे रोडवर उभं करायचं.

सराव म्हणजे काय ते तुमच्याच रस्त्यावर सांगतो, पण हे थेरपिस्टच्या मदतीनंच करायचं, तुम्ही उद्या त्यांना उचलून टँकरसमोर नेऊन उभं करू नका, अर्धवट सराव करून घाबरून पळून येणं म्हणजे भीतीला आणखी एक पुरावा देणं. सुरुवात जुन्या पुणे नाक्यापर्यंत जाण्यापासून, रिक्षानं, सोबत कुणीतरी. तिथं उभं राहायचं, धडधड वाढेल, ती वाढू द्यायची, ती स्वतःहून उतरायला लागेपर्यंत तिथंच थांबायचं. हे जमलं की बाळे, मग केगाव, युनिव्हर्सिटीच्या गेटपर्यंत, मग कोंडी. मग पाकणीकडनं येणाऱ्या टँकरजवळ, थांबलेल्या, इंजिन बंद असलेल्या. शेवटी संध्याकाळी, आणि एखादे दिवशी पावसात. ह्याच्या जोडीला खोलीत बसून तो प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगणं, फाटकी वही शिवणं म्हणा, म्हणजे त्या भीतीला तिचा पत्ता परत मिळतो. मित्राचा विषय त्यातच येईल, आणि मला वाटतं "मी का वाचलो" हे त्यांनी अजून कुणाला बोललेलं नाहीये. ईएमडीआर म्हणून दुसरी पद्धत आहे, त्यात डोळे एका लयीत इकडून तिकडे हलवत तो प्रसंग आठवायचा असतो, तीही चालते. उमरग्याच्या आजींचं पण असंच केलं, आधी दारात झोपल्या, मग दार उघडं ठेवून आत, तीन गणपती गेले त्यात, पण झोपल्या.

झोपेच्या गोळीबद्दल मला काळजी वाटतेय. तुम्ही नाव लिहिलं नाही पण बहुतेक अल्प्राझोलाम किंवा तसलं काहीतरी असणार. त्या गोळीनं आज रात्र जाते हे खरं, पण ती नवी आठवण बसू देत नाही, आणि सरावाला जाताना खाल्ली तर मेंदू शिकतो "गोळी होती म्हणून वाचलो". पीटीएसडीसाठी ह्या गोळ्या बऱ्याच गाईडलाइन्समध्ये नकोच म्हणून लिहिल्यात. मात्र रोज घेत असतील तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची. दारूचंही तेच, झोप लागल्यासारखी वाटते पण स्वप्नांची झोप मोडते, आणि झोपेतच नवी आठवण पक्की होत असते. आणि गोळी आणि दारू एका रात्रीत, हे अजिबात नाही ताई, श्वास दाबला जातो. औषध लागलंच तर सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटिन ह्या गटातलं देतात, ती झोपेची गोळी नव्हे, सवय लागत नाही त्या अर्थानं, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

ऑक्सिटोसिनबद्दल पण एक ओळ, कारण "लव्ह हार्मोन"चे स्प्रे विकणारे व्हिडिओ फिरतायत. अमिग्डालातून शरीराकडे हुकूम जाणारा जो भाग आहे तिथल्या पेशींना ऑक्सिटोसिन शांत करतं आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं दुसरं हार्मोन चढवतं, हे २००५ मध्ये उंदरांत नीट दाखवलं गेलंय, आणि माणसांतही नाकात स्प्रे मारून अमिग्डाला शांत झालेला स्कॅनमध्ये दिसलाय. पण पेशंटमध्ये निकाल एकसारखे नाहीत, काही लोकांत तर उलटा परिणाम. स्प्रे नका घेऊ. मात्र विश्वासाचं माणूस शेजारी असताना अंगातली धडधड कमी होते हे मी रोज बघतो, म्हणून सोबत तुम्ही या.

हे वाचणाऱ्या बायकांसाठी पण थोडं सांगतो, पीटीएसडी बायकांत पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतो, आणि इस्ट्रोजेन खाली असतं त्या दिवसांत ही नवी शांत आठवण वर यायला कमी पडते असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे महिन्यातले काही दिवस धसका जास्त जाणवला तर उपचार फसले असं धरून चालू नका, तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरला सांगा.

मुलीचं तुम्ही शेवटी एका वाक्यात लिहिलंय की ती पण आता टँकर दिसला की कान झाकते. तिला स्वतःला काहीच झालेलं नाही. माकडांवरचे प्रयोग आहेत १९८४ च्या सुमाराचे, लॅबमध्ये वाढलेली, साप कधी न पाहिलेली माकडं, मोठं माकड सापाला घाबरलेलं नुसतं बघून घाबरायला शिकली. पण त्यातच दुसरा भाग पण आहे, न घाबरणारं माकड आधी बघितलेलं असेल तर ती तेवढी घाबरली नाहीत. तिला ओरडू नका, कान झाकले तर झाकू द्या, साध्या शब्दांत सांगा की बाबांना लागलं होतं, त्या आवाजानं त्यांना ते आठवतं, आणि बाबा त्यासाठी डॉक्टरकडे जातायत. दृष्ट काढायची असेल तर काढा, अंगारा लावायचा तर लावा, माझं काही म्हणणं नाही, आजीनं डोक्यावरनं हात फिरवल्यानं बरंच वाटतं, फक्त उपासतापास आणि बाहेरचं बघण्यात महिने घालवू नका.

मिस्टर कधी "मीच गेलो असतो तर बरं" असं बोलले तर ते वाक्य ऐकून सोडू नका, त्याच दिवशी घेऊन या, रात्र असेल तर सरकारची टेली मानस लाईन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. एरवी इथं सोलापुरात सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथंही हे होतं, खासगीतच आलं पाहिजे असं नाही.

पहिल्या भेटीला पाऊस पडायच्या आधी या. सकाळची वेळ घ्या, तुम्ही सोबत या, मुलीला आजीकडे ठेवा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणा. आणि येताना ते कुठल्या रस्त्यानं यायचं म्हणाले आणि कुठला रस्ता टाळला ते आठवणीनं सांगा, तिथूनच सुरू करू.